वाडीतल्या डोळ्यांची मोजणी

३ डिसेंबर १९७८, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. उठलो सहाला. थंडीत सहा म्हणजे पाचच.

नवी वही. कारण सांगण्यासारखं आहे. सायन्सच्या सरांची बदली झाली, आणि हेडमास्तरांनी काल मला केबिनमध्ये बोलावून दहावीचा एक धडा माझ्या हवाली केला. आनुवंशिकता. म्हणाले, काशीराम, तुमचा विषय मराठी आणि इतिहास, पण दुसरं कोणी मोकळं नाही. मी यातला गर्भितार्थ ओळखला. सगळ्या पोलादपुरात त्यांना हा धडा पेलणारा मीच दिसला.

जानेवारीअखेर प्रिलिम. संकल्प: रोज पाच नवे शब्द. रोज एक पान टिपण. पुढच्या रविवारी सवच्या गरम झऱ्यावर स्नान, डोकं मोकळं होतं म्हणतात.

५ डिसेंबर, मंगळवार. रात्री ८

शब्द झाले चार. पाचवा उद्या.

जनुक: आईबापांकडून आलेला हुकूम. एक आईचा, एक बापाचा. गुणसूत्र: ज्यावर असे पुष्कळ हुकूम बसून येतात. प्रभावी: जो हुकूम चालतो. अप्रभावी: जो असतो, पण दुसऱ्यासमोर गप्प बसतो. आमच्या स्टाफरूमवर नजर टाकली की लगेच कळतं.

मेंडेल नावाच्या पाद्रीबुवांनी आठ वर्षं वाटाणे लावून हे शोधलं. मला दोन दिवस लागले.

घरच्या घरी प्रयोग केला. जीभ नळीसारखी वळवता येणं प्रभावी, असं गाईडमध्ये आहे. मंजुळाने वळवली. आमच्या बेबीने वळवली. माझी वळेना. मुळात शिक्षकाला जीभ वळवायची गरज काय? हे लक्षण यादीतून काढलं.

डोळे मात्र ठेवले. घारे डोळे अप्रभावी, म्हणजे दुर्मिळ. माझे घारे आहेत. मंजुळाने एकदा माझ्याकडे पाहिलं. चुलीपुढे बसून लाकूड सारलं.

१० डिसेंबर, रविवार

सवला गेलो नाही. एस.टी. होती. इच्छा कमी पडली.

आज प्रयागबाईंचं पत्र लिहिलं. या आमच्या शेजारीण. आंबेनळी घाटाकडच्या रस्त्याला लागून आमची वाडी, पहिलं घर आमचं, दुसरं त्यांचं. मुलगा पांडू मुंबईला गिरणीत, सून तुळसा घरात, दिवस भरत आलेले. तुळसाला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. वाडीतली निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरींवर आणि माझ्या पत्रांवर चालतात. चार वर्षं मीच सगळ्यांची पत्रं लिहितो. प्रयागबाई समोर बसून सांगतात, मी लिहितो. लिहिताना मी मान वर करत नाही. शिस्त. शिवाय परक्या बाईमाणसाच्या तोंडाकडे बघत बसणं शिक्षकाला शोभत नाही. लोक तुमची पत्रं तुमच्या नजरेवरून जोखतात.

त्या सांगतात ते मी थोडं सुधारतो. त्या म्हणाल्या, पांडूस लिवा, बायको बरी हाय. मी लिहिलं, सौ. तुळसा सुखरूप असून प्रकृतीस आराम आहे.

१४ डिसेंबर, गुरुवार. दुपारी २

तुळसाला मुलगा झाला. सकाळी. सुईण राहीबाई. मंजुळा रात्रभर तिकडेच होती. माझा सकाळचा चहा झाला नाही, तरी तक्रार केली नाही. याची कुणी दखल घेतलेली दिसत नाही.

१६ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी

गंभीर.

शाळेतून येताना प्रयागबाईंनी त्यांच्या अंगणात थांबवलं. म्हणाल्या, मास्तर, पोराचे डोळे बघितलेत का? घारे हायत! मग आवाज खाली आणून म्हणाल्या, उमरठचे डोळे हायत हे, मी बघताक्षणी वळखलं.

मी चप्पल काढता काढता थबकलो. पांडू काळ्या डोळ्यांचा. तुळसाही, बेबी सांगते, काळ्याच. मग घारे आले कुठून? सासू म्हणते उमरठहून. याचा अर्थ स्पष्ट आहे. सासूच्या मनात संशय आहे आणि संशयित उमरठचा.

आतून तुळसाचा आवाज आला. मास्तर, माझ्या आयेचं एक सांगायचंय, असं काहीतरी. मी मान न वळवता म्हटलं, बाळंतिणीनं बोलू नये, आराम कर. बिचारी. स्वतःची बाजू मांडू बघत होती.

मी आहे. विज्ञान आहे. ती एकटी नाही.

१७ डिसेंबर, रविवार

चौकट मांडली. काळ्या डोळ्यांचा हुकूम मोठा, घाऱ्याचा छोटा. आईबाप दोघांचे डोळे काळे, पण दोघांच्याही आत एकेक घारा हुकूम गप्प बसलेला असेल, तर चार मुलांत एक घारं. गाईडमध्ये याला विषमयुग्मी म्हणतात. दृश्यरूप काळं, जनुकरूप मिश्र. हे शब्द उच्चारताना मला फार बरं वाटतं.

म्हणजे तुळसा निर्दोष असू शकते. शंभरातून पंचवीस टक्के.

पण पांडूच्या घरात पूर्वी कुणीतरी घारा असायला हवा. पांडूचे वडील वारले. भिंतीवर फोटो आहे, तो काळापांढरा. डोळे काळेच दिसतात. पुरावा निरुपयोगी.

मंजुळा म्हणाली, अहो, एक ऐकता का. म्हटलं, आत्ता नको, चौकटीत आहे.

१८ डिसेंबर, सोमवार. पाचवीचा दिवस

सटवीपुढे पाटी-पेन्सिल ठेवली आहे तिकडे. सटवी म्हणे आज रात्री कपाळावर नशीब लिहून जाते. मी आज दुपारीच लिहून मोकळा झालो.

प्रयागबाई पत्र सांगायला आल्या. फार बोलत होत्या, हसतही होत्या. मी जाणलं, मनातला कढ लपवायला माणूस असाच हसतो. म्हणाल्या, लिवा की पोरगा झाला, घारे डोळे हायत उमरठचे, बघायला लवकर ये. एवढंच.

एवढंच लिहिलं असतं तर अनर्थ झाला असता. म्हणून त्या गेल्यावर मी मजकूर वाढवला. प्रत इथे उतरवून ठेवतो:

‘चि. पांडू यास अनेक आशीर्वाद. मुलगा झाला. डोळे घारे आहेत, तरी संशय नसावा. विज्ञानाप्रमाणे काळ्या डोळ्यांच्या आईबापांस चारांत एक वेळ घारं मूल होऊ शकतं. उरलेल्या तीन वेळांची चिंता करू नये. तुमच्या आईंच्या मनात उमरठचं काही आहे, ते मी बघून घेतो. घारे डोळे हे बुद्धीचं लक्षण. वाडीत आजवर ते फक्त माझे होते, आता तुमच्या मुलाचेही झाले. हे पत्र एकट्याने वाचावे. आपला, काशीराम मास्तर.’

वाचून पाहिलं. इतकं धीर देणारं पत्र मी आजवर लिहिलेलं नाही.

२० डिसेंबर, बुधवार

सासूला चौकट कळणार नाही. तिला डोळ्यांनी दाखवायला हवं. प्रयोग!

राहीबाईकडे पंचायत समितीच्या योजनेतला पांढरा कोंबडा आहे. प्रयागबाईंची कोंबडी काळी कुळकुळीत, आणि सध्या खुडूक आहे, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार. पांढरा रंग प्रभावी. म्हणजे सगळी पिल्लं पांढरी. मग त्यांची पिल्लं झाली की त्यात काळी पुन्हा उगवतात, म्हणजे दडलेला हुकूम बाहेर येतो. सासू बघेल आणि सुनेला पोटाशी धरेल.

दुसऱ्या पिढीला सहा महिने लागतील असं मंजुळा म्हणते. प्रयोग थोडा आखूड करू. पहिली पिढी सुद्धा पुष्कळ बोलते.

प्रयागबाईंना म्हटलं, कोंबडी बसवा, एकवीस दिवसांनी मी सगळ्या वाडीसमोर विज्ञान सिद्ध करतो. त्या म्हणाल्या, बसवणारच होते मास्तर. संध्याकाळी डालग्यात डोकावलो. अकरा अंडी. काही पांढरी, काही लालसर, एक तर चक्क बुटकं. उजेडाचा फरक.

२४ डिसेंबर, रविवार

वाडीतल्या डोळ्यांची मोजणी केली. उमरठचा माणूस इथे येत-जात असेल तर कळायला हवं, आणि घारेपण वाडीत मुळातच असेल तर तुळसा सुटली.

एकूण पुरुष तेवीस. प्रत्येकाला उन्हात उभं करून पाहिलं. वहीत नाव, वय, रंग. चांगू विचारत होता, मास्तर, सरकारी मोजणी हाय का? म्हटलं, शास्त्रीय. कशासाठी, असं त्यानं विचारलं. खरं सांगितलं. शिक्षकाने खोटं बोलू नये. तुळसाच्या पोराचे डोळे कुणाचे ते ठरवतोय, म्हटलं, आणि ती निर्दोष ठरेल याची मला पंचवीस टक्के खात्री आहे.

चांगू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. प्रभावित झाला असावा.

बायका मोजल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत डोकावणं बरं दिसलं नसतं. आणि गरजही नव्हती.

निष्कर्ष: काळे बावीस. घारे एक (मी).

२५ डिसेंबर, सोमवार. नाताळची सुट्टी

बारसं. नाव ठेवलं भिकाजी, तुळसाच्या आजोबांचं. घुगऱ्या आल्या. पाळण्यात वाकून मीही पाहिलं. घारेच. अगदी माझ्यासारखे. तसं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. गाणं म्हणणाऱ्या बायका एकदम थांबल्या.

मंजुळानं मला हाताला धरून घरी आणलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, प्रिलिमचा पेपर काढायचाय, उद्या सांग.

३१ डिसेंबर, रविवार

उमरठला जाऊन आलो. थेट घटनास्थळी.

एस.टी.नं अर्धं, पायी अर्धं. वालाची शेतं, शेंगा भरत आलेल्या. पहिल्याच घरी पाणी मागितलं. पाणी द्यायला आलेला म्हातारा घारा! त्याचे दोन मुलगे घारे! नातूही! एका घरात सहा पुरुष आणि सहाच्या सहा घारे. सगळा डोंगर पोखरून उंदीर काढायचा आणि इथे उंबरठ्यावरच वाघ.

त्यांना माझी वाडी सांगितली. म्हातारा फार खूश झाला. म्हणाला, आमच्या आक्काला हे द्या, आणि वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी हातात दिली. म्हणाला, आक्काला सांगा, भाचेसुनेला पोर झालं ते कळलं, संक्रांत झाली की येतो.

कोण आक्का ते मी विचारलं नाही. तपासात ओळखी वाढवू नयेत.

पिशवी मंजुळाकडे दिली, तिला शेंगा आवडतात. तिने वासही घेतला नाही, तशीच उचलून प्रयागबाईंकडे घेऊन गेली. अर्ध्या तासानं आली आणि म्हणाली, अहो, आता तरी ऐका. मी म्हटलं, उद्या नवीन वर्ष, उद्यापासून तुझं सगळं ऐकायचं असा संकल्प करतो.

१ जानेवारी १९७९, सोमवार

संकल्प: (१) पहाटे पाच. (२) मंजुळाचं ऐकणं. (३) सव.

उठलो साडेसहाला. मंजुळा विहिरीवर गेली होती, म्हणून ऐकणं झालं नाही.

४ जानेवारी, गुरुवार

पांडूचं उत्तर नाही. सतरा दिवस. माझ्या पत्रावर काय उत्तर देणार? निरुत्तर झाला.

इतर घरांना मात्र मुंबईहून पत्रं आली, आणि ती वाचून घ्यायला यावेळी माझ्याकडे कुणी आलं नाही. चांगूच्या बायकोनं पत्र घेऊन थेट पोस्टमन जानूला वाचायला लावलं, आणि मी जवळून गेलो तर दोघंही गप्प झाले. जानू फार हळू वाचतो. लोकांची करमणूक होत असेल.

तुळसा दिवस भरेपर्यंत पाण्याला सगळ्या बायकांबरोबर जायची. आता सगळ्या गेल्यावर एकटी जाते, डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत. बाळंतीण, थंडी लागत असेल. मला पाहिलं की वाट सोडून बांधावरून जाते. इतका आदर चांगला नव्हे, एकदा सांगायला हवं.

९ जानेवारी, मंगळवार

उद्या एकवीस दिवस. वाडीला निरोप दिला, सकाळी आठला प्रयागबाईंच्या खळ्यात या. हेडमास्तरांनाही बोलावलं. ते म्हणाले, तब्येत बरी नाही. खोकले सुद्धा.

भाषणाचा मसुदा तयार. सुरुवात: बंधूंनो आणि भगिनींनो, जे पोटी तेच ओठी असं आपण म्हणतो, विज्ञान म्हणतं, जे बापाच्या पिसांत तेच पिल्लांच्या पिसांत.

१० जानेवारी, बुधवार. सकाळी १०.३०, शाळा बुडवून

काय झालं ते क्रमाने लिहितो.

सगळी वाडी जमली. मी भाषण केलं. मग प्रयागबाईंनी डालगं उचललं.

पिल्लं दहा. पांढरं एकही नाही. तीन पिवळी, चार तांबडी, दोन काळी, आणि एक मानेवर पिसंच नसलेलं.

मी म्हटलं, थोडा वेळ द्या, रंग उमटेल. कुणीतरी मागून म्हणालं, मास्तर, ह्या पिल्लांचे बाप किती? सगळे हसले. मी संतापलो. आणि संतापात म्हणालो, हेच तर मला सिद्ध करायचं होतं, की जे दिसतं त्यावरून बाप कळत नाही!

हसणं थांबलं. सगळ्यांनी एकदम तुळसाच्या दाराकडे पाहिलं. ती पोराला घेऊन उंबऱ्यात उभी होती. आत गेली. दार लावलं.

प्रयागबाई मला म्हणाल्या, मास्तर, काय केलंत हे. खुडूक कोंबडी माझी. अंडी चार घरची. माझ्या काळीची तीनच, तीच पिवळी, मोठेपणी पांढरी होतील. बाकी राहीची, चांगूची, मैनाची. आमच्याकडं खुडूक एक घावली की समदी आपापली अंडी आणून ठेवतात. तुम्ही विचारलं होतं का कवा?

विचारलं नव्हतं. अंड्यांची चौकशी करायची असते हे गाईडमध्ये नाही.

तरी माझं विज्ञान बरोबर ठरलं, हे लक्षात घ्यावं. तीनच्या तीन पांढरी होणार. पण हे सांगायला कुणी थांबलं नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

आज ऐकलं. संकल्प नंबर दोन, अकरा दिवस उशिरा.

मंजुळा पाट टाकून समोर बसली आणि म्हणाली, आता तुम्ही वही मिटा. तुळसा दोन दिवस जेवली नाही. भावाकडे जाते म्हणते, घाट ओलांडून, अंगावरचं पोर घेऊन. प्रयागबाईंनी गाठोडं लपवून ठेवलंय. तिच्याबद्दल सगळ्या वाडीत बोलतात, आणि मुंबईतसुद्धा बोलतात.

मी विचारलं, मुंबईत कसं?

ती म्हणाली, पांडूला वाचता येतं का?

मला आठवलं. येत नाही. म्हणून तर पत्रं मुंबईत कुणीतरी वाचून दाखवतो. गाळ्यात अकरा माणसं राहतात, सगळी याच बाजूची.

‘एकट्याने वाचावे’ असं मी लिहिलं होतं. ती ओळही कुणीतरी मोठ्यानं वाचली असणार.

रात्री जेवलो नाही. खरं म्हणजे जेवलो, पण थोडं.

१३ जानेवारी, शनिवार. सकाळी

निरोप आला. पांडू उद्या सकाळच्या गाडीनं उतरतोय. मी विचारलं, रागात आहे का? निरोप आणणारा म्हणाला, गप हाय.

रजा काढून महाडला बहिणीकडे जावं असा विचार केला. पिशवीही भरली. मग वाटलं, मी गेलो तर लोक काय म्हणतील? मग वाटलं, मी राहिलो तर काय म्हणतील? पिशवी भरलेलीच ठेवून झोपलो.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत. रात्री ९

थोडक्यात लिहिणार होतो. जमणार नाही.

पांडू उतरला तो पेटी घेऊन थेट खळ्यात आला. वाडी पुन्हा जमली, यावेळी निरोप न देता. पांडूनं खिशातून माझं पत्र काढलं. चार घड्या पडून फाटायला आलेलं. म्हणाला, मास्तर, मला वाचता येत नाय. गाळ्यात सोमानं वाचलं, मग दुसऱ्यानं वाचलं, मग रोज कोण ना कोण वाचतो. आज तुम्ही वाचा. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

वाचलं. उच्चार स्पष्ट आले, एवढं नमूद करतो. ‘उरलेल्या तीन वेळांची चिंता करू नये’ हे भरभर वाचलं. ‘वाडीत आजवर ते फक्त माझे होते’ हे वाचायचं राहून गेलं. पांडू म्हणाला, तेबी वाचा. वाचलं.

मग तो म्हणाला, मास्तर, उन्हात या.

मला ओसरीवरून ओढून नाही, पण हाताला धरून खळ्यात मधोमध आणलं, पूर्वेला तोंड करून उभं केलं, जसं मी बावीस जणांना केलं होतं. आणि पुरुषांना मागे सारून बायकांना म्हणाला, बघा गो, कसले हायत.

एकेक पुढे आली. राहीबाईनं तर माझी हनुवटी वर केली. म्हणाली, काळे. तव्याच्या बुडासारखे. मैना म्हणाली, काळे. चांगूची बायको काळे म्हणाली आणि पदर तोंडात धरून हसली. मी मंजुळाकडे पाहिलं. मंजुळा म्हणाली, पहिल्या दिवसापासून काळेच आहेत. म्हटलं तुम्हाला घारे वाटतात तर वाटू देत, कुणाचं काय जातंय.

वाटू देत. अकरा वर्षं.

मग प्रयागबाई आल्या. समोर उभ्या राहिल्या, पदर मागे घेतला. म्हणाल्या, चार वर्सं पत्रं लिवलीत, मास्तर. एकदा वर बघा.

बघितलं.

घारे. मधासारखे, कडेला हिरवट. उमरठच्या म्हाताऱ्याचे जसेच्या तसे. उमरठ त्यांचं माहेर. तो म्हातारा त्यांचा भाऊ. आक्का म्हणजे त्या. शेंगा त्यांच्या.

म्हणजे त्यांना संशय कधी आलाच नव्हता. त्यांना आनंद झाला होता. नातवानं आजीचे डोळे घेतले, एवढंच त्या मुलाला सांगत होत्या, आणि मी त्यात चौकट घातली.

एवढ्यात दार उघडलं. तुळसा पोर घेऊन बाहेर आली. पदर नाकापर्यंत नव्हता. म्हणाली, एकट्या सासूचे नाय, मास्तर. माझ्या आयेचेबी असेच होते. मी चार वर्साची असताना ती गेली. तिचं बाकी काय आठवत नाय, डोळे आठवतात. तेच सांगत होते तुम्हाला तवा. पोर झालं आन् बघितलं तर आये.

तिला रडू फुटलं. पांडूनं पोर घेतलं. मला खूप लाज वाटली. ही ओळ खोडायची नाही.

शास्त्र तर पूर्ण बरोबर निघालं. एक हुकूम या घरातून, एक त्या घरातून, दोन्ही गप्प बसलेले, पोरात एकत्र आले. चौकट माझी बरोबर होती. तिच्यात माणसं भरताना मी निम्मी वाडी वगळली.

तुळसासमोर हात जोडले. शब्द आले नाहीत. मराठीचा शिक्षक. तिनं डोळे पुसले, आणि तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, गोड बोला मास्तर, नायतर कायबी बोलू नका. मग ती हसली, आणि मग सगळी वाडी हसली. मीही हसायचा प्रयत्न केला.

पांडूनं पत्र फाडलं नाही. घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, पोर मोठं झालं की त्याला वाचायला देतो.

१५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७

निर्णय झाला. यापुढे वाडीची पत्रं मंजुळा लिहील. ती सातवी शिकलीय, आणि लिहिताना समोर बघते म्हणतात. पाकिटावरचा पत्ता मात्र मीच लिहायचा. माझं अक्षर पोस्टात ओळखीचं आहे.

आज दहावीला धडा. पोरांना पहिला गृहपाठ: दोन्ही आज्यांचे डोळे बघून या.

मंजुळा चुलीपाशी, माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, तू मला वेळीच का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सतरा डिसेंबरपासून सांगतेय. मग भाकरी थापता थापता म्हणाली, बरं, एक सांगा. न बघता. माझे डोळे कसले?

हा काय प्रश्न आहे. अकरा वर्षांचा संसार.

वहीत तेवीस नावं आहेत, रंगासकट. ती चाळून उपयोग नव्हता.

विचार करून सांगितलं, तपकिरी.

ती हसली. बरोबर की चूक, बोलत नाही. वळतही नाही. भाकऱ्या अजून चार आहेत. थांबलोय.